आबांची दाढ

आबा, मागं काही उरत नाही म्हणाला होता तुम्ही. साफ खोटं! आणि तेही मला, चौथीतनं काढून तुमच्या कवळ्यांच्या दुकानात बसवलेल्या पोरीला. अजून दिसतंय मला. स्टो बारीक केलाय, पळीत तुटक्या कवळीच्या हिरडीचा गुलाबी तुकडा आहे. तो मऊ होतो, बुडबुडतो आणि वाफ होऊन जातो. दुकानभर तोच उग्र वास, गुलाबी पावडर ज्या पाण्यात कालवायची त्या पाण्याचा. "बघ, ज्याचं झालतं त्येच परत झालं. मागं काय बी ऱ्हात न्हाय," तुम्ही म्हणालात. पळी निवल्यावर मी आत बोट फिरवलं, तळाला रंगाची भुकटी. दाखवली तर म्हणता, "लई शानी झालीस! घास आता ती पळी."

तुम्ही गेलात तेव्हा रडारडीत तोंडातली कवळी काढायचं कुणाला सुधरलंच नाही. तिसऱ्या दिवशी पंचगंगेवर रक्षा सावडायला गेलो. काका शेणीच्या राखेत हात घालतात आणि ओरडतात, "आयला, थोरल्याचं दात!" हिरडीचा पत्ता नाही, चिनी मातीचे दात मात्र ओळीनं, हसल्यासारखे. आई पदराआडनं म्हणाली, "आता वर जाऊन मटण कशानं खानार ह्यो मानूस?" आणि आम्ही सगळे हसलो. सुतकात, घाटावर, पोट धरून हसलो.

दात नदीत सोडले. एक दाढ मी मुठीत ठेवली. आईच्या कवळीतली एक फुटलीच होती. दाढेच्या पोटात भोक असतं, त्यात गुलाबी कालवण शिरलं की ती हलत नाही, हे तुम्हीच शिकवलंत. तशीच बसवली. गेली अकरा वर्षं आई तुमच्या दाढेनं मटण खातेय, आणि गल्लीभर सांगते, "बापापरीस लेकीचा हात चांगला की! ही डावीकडची दाढ तर लई झ्याक लागलीया."

काल कवळी तिच्या हातनं पडली, दोन तुकडे झाले. डावा तुकडा मी तुमच्याच पळीत धरला. गुलाबी उडून गेलं, दाढ उरली, जशीच्या तशी. आता ती नव्या कवळीत गुपचूप बसवू, की आईला सांगून? तिच्या शिव्यांना मी भीत नाही. पण सांगितलं की कौतुक तुमचं होणार, आणि माझ्या हाताचं कौतुक मला सोडवत नाही, आबा.

हा कागद टपालात जात नाही, पळीखाली ठेवतेय. शनिवारपर्यंत उत्तर पाहिजे. रविवारी मटण आहे.