सूपभर कोंडा

ता. २ आक्टोबर १८९४, मंगळवार. ठाणे
हिशेबाच्या वहीची मागची पाने कोरी पडून आहेत, ती वाया का घालवा.
सासूबाई काल कल्याणाहून आल्या. स्वतःचा तांब्या, स्वतःची चूल, पडवीतला कोपरा. ह्यांनी प्रभूला पत्करले तेव्हा 'मुलाचे तोंड पाहणार नाही' म्हणाल्या होत्या. आमची मार्था गेली तेव्हा मात्र पहिल्या गाडीने आल्या, आणि तेव्हापासून येतात. बाळाला घेतात, मग आंघोळ करतात, मग राहवत नाही म्हणून पुन्हा घेतात. मला आता त्या आंघोळीचे वाईट वाटत नाही.
बाळाला तिसरा महिना. मार्था पाचव्यात गेली, तिच्या पाठचा मुलगा चौथ्यात.
सकाळी बायबलातला पाखरांचा उतारा वाचला. जो त्यांना चारतो तो आम्हांस विसरेल काय? वाचताना पटते. पुस्तक मिटले की हात पाळण्याकडे जातो, श्वास चालला आहे ना.

ता. ५, शुक्रवार
बायकांच्या प्रार्थनेहून परतले तो सासूबाईंच्या पदरात भाताचा कोंडा, आणि बाळ आंबीच्या मांडीवर. आंबी म्हणजे खाडीकाठच्या कोलशेतची कोळीण, आमच्या दारी मासळी घेऊन येते ती. शेजारी तिचे रिकामे सूप.
"विकलं मी त्याला," सासूबाई म्हणाल्या. "सूपभर कोंड्याला. आता तो हिचा. हिची पाचही जगलीत. नाव कोंडू."
मी म्हटले, "आई, आमचा देव असा मुलांवर टपून बसलेला नसतो."
"मग दोन कुठं गेली?"
स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. ती परवाच कल्हई केलेली, तेही भान राहिले नाही.

ता. ६, शनिवार
ह्यांना सांगितले तर हसू लागले. "मॅट्रिक झालेली बाई सुपातल्या कोंड्याला घाबरते?"
घाबरत नाही. पण माझ्या दारात, माझ्या पाठीमागे! बाप्तिस्म्याचे ठरले आहे, शमुवेल नाव ठरले आहे.
आणि आंबी तर खरेच धरून बसली. सकाळी हाक आली, "मास्तरीणबाय, माजा कोंडू कसा हाय?" बोंबील घेतले, पैसे घेईना. "ऱ्हाऊ दे. पोराच्या दाईकडशी पैसं घेऊ काय?"
मी दाई! माझ्याच मुलाची! पैसे जबरीने पाटीत टाकले. ती आपली हसते आहे.

ता. ७, रविवार
उपासनेनंतर पाळकसाहेबांना सारे सांगितले. वाटले रागावतील. ते म्हणाले, "बाई, हे मूल प्रभूने आधीच विकत घेतलेले आहे, फार मोठी किंमत देऊन. त्यानंतरचे सौदे चालत नाहीत. म्हातारीला बोलू नका. तिने भीतीपोटी केले, आणि भीती मायेची होती."
परत येताना मन हलके. सासूबाईंना लिंबाचे सरबत दिले, त्यांच्या तांब्यात, वरून ओतून. प्यायल्या.

ता. १२, शुक्रवार
दुपारपासून हीव भरले. दोन गोधड्या अंगावर घेऊनही दात वाजतात. हिवताप. कोयनेलच्या पुड्या आल्या आहेत.

ता. १५, सोमवार
आज ताप उतरला आहे. दूध आटले. अगदीच.
गाईचे दूध पाणी घालून पाजले, ओकला. पुन्हा पाजले, पुन्हा ओकला. मार्थाचे असेच झाले होते. डाक्तर म्हणाले, दूधवाली बाई पाहा, दोन दिवसांत पाहा.
हे आंबीकडे निरोप देऊन आले. ती तडक आली, पदर सारून बाळाला घेतले, आणि तो पीत राहिला. पिण्याचा तो आवाज! मी भिंतीकडे तोंड केले.
ती इथे राहू शकत नाही. नवरा मिठागरात, घरी चार पोरे, शिवाय अंगावरचे. न्यायचे तर कोलशेतला. "माजी बारकी एका अंगाला, यो दुसऱ्या अंगाला. देव काय दूध तोलून देतंय?"
हे म्हणाले, "तू सांगशील तसं." सासूबाई म्हणतील 'तिचेच आहे, ने' असे वाटले होते. त्यांनी तर बाळाला घट्ट धरले. "नको गं. डोळ्यांआड नको. ते सारं नुसतं म्हणण्यापुरतं होतं."
आंबीला उद्या ये म्हटले.

ता. १६, मंगळवार
पहाटे पुस्तक उघडले. पाखरांचा उतारा काढायचा नाही असे ठरवले. त्याने मी अलीकडे स्वतःला फसवते. मोशेच्या जन्माची गोष्ट काढली. आंबीच्या तोंडचे 'दाई' मनातून जात नव्हते, म्हणून असेल.
किती वेळा वाचली आहे, मुलींना शिकवली आहे. तरी हे कधी दिसले नव्हते की त्या आईने विश्वास ठेवून मूल घरात लपवूनच नाही ठेवले. राजाच्या मारेकऱ्यांपासून लपवता येईना तेव्हा पेटी केली, डांबर लावले, नदीत ठेवली, आणि हात सोडला. हात न सोडता विश्वास, असे मी दोन वर्षे करीत होते. आणि मूल परत तिच्याच मांडीवर आले, दाई म्हणून पाजायला, तेही परक्या बाईच्या दयेने. पेटी उचलणारी ती राजाची मुलगी आपल्या देवाला ओळखतही नव्हती.
फार रडले. मग बरे वाटले. देव मला रागावला नाही, इतके कळले.
आंबी दुपारच्या भरतीला होडी घेऊन आली. मासळीची पाटी राखेने घासून, उन्हात वाळवून, तीत पेंढा आणि तिचे जुने लुगडे. बाळाला तीत घातले. वास होताच थोडा. मी म्हटले, "ने."
मला उठायची मनाई. सासूबाई खाडीवर गेल्या. कोळ्यांच्या घोळक्यात, सोवळे-ओवळे टाकून, होडी वळणाआड जाईपर्यंत उभ्या होत्या असे हे सांगतात. परत आल्या, आंघोळ केली नाही.
संध्याकाळी विचारले, "तू सकाळी वाचत काय होतीस?" मी मोशेच्या पेटीपर्यंत सांगितले. त्याची बहीण लांब उभी राहून पाहत होती तिथे त्यांनी मान वळवली.

ता. २०, शनिवार
आंबीचा नवरा आला होता. बोलणारा नव्हे. "पितंय. झोपतंय. बारकीला लाथा मारतंय." एवढ्यावर आम्ही तिघांनी दिवस काढला. सासूबाईंनी त्याला गूळ दिला, आणि बाळाला टोपडे.
प्रार्थना साधी झाली आहे. मागणे कमी. "तुझ्याकडे आहे तो" इतकेच म्हणते.

ता. २३, मंगळवार
पुन्हा हीव. निरोप नाही. आज 'तुझ्याकडे आहे तो' म्हणायचे टाळून गोधडीत तोंड घातले. तरी म्हटले.

ता. २५, गुरुवार
सकाळच्या भरतीला होडी आली. बाळाचे अंग तापले आहे. आंबीचा निरोप: "मास्तरीणबायला सांगा, पितंय अजून. खाली ठेवला नाय मी."
हे डाक्तरांना घेऊन त्याच होडीने गेले. आता संध्याकाळच्या भरतीशिवाय कोणी येणार नाही.
मला ताप नाही, पण पायांत जोर नाही. सासूबाईंनी आपली चूल पेटवलीच नाही. माझ्या हातची पेज आपल्या वाटीत घेतली आणि बसून राहिल्या.
मग म्हणाल्या, "त्या आईचं पुढं काय झालं?"
"तिचं पुढं फारसं लिहिलेलं नाही, आई."
"आणि पोराचं?"
"पोराचं पुष्कळ आहे."
"मग पोराचं वाच."
दुपारभर वाचते आहे. जळणारे झुडूप त्यांना आवडले. राजाच्या अंथरुणात शिरलेल्या बेडकांना हसल्या. "तुमच्या देवाला खोड्याही येतात म्हणायच्या." घरोघरची थोरली मुले मरतात ते पान मी गाळले. त्यांच्या लक्षात आले असावे. माझ्या पाठीवर हात ठेवला, तो काढला नाही.
आता पाणी चढले का पाहायला खाडीवर गेल्या आहेत, तेवढ्यात हे लिहिते. वाचता वाचता मोशेबरोबर समुद्राच्या काठाशी येऊन थांबलो आहोत. मागे राजाची फौज, पुढे पाणी, आणि त्या अजून परतल्या नाहीत.