उजव्या कोपऱ्याचा डावा हात

१२ सप्टेंबर १९८५

प्रिय लिंबा,

तुझं पोस्टकार्ड मिळून महिना होत आला. नेहमीसारखं दोन ओळींत मनमाडचं क्षेमकुशल, आणि वर मलाच विचारतोस, की मास्तर, यंदा कबड्डीची पोरं कशी निघायलीत? लय चांगली निघायलीत रे. आमी मोठी माणसंच वाईट निघालोत.

गेल्या आठवड्यात पाथरीला जिल्ह्याच्या कुमार संघाची निवड चाचणी झाली. निवड समितीत मी धरून तिघं, अध्यक्ष आबासाहेब. चढाई करणारे हवे तेवढे आहेत, पकड करणाऱ्यांची बोंब आहे. शिट्ट्या सगळ्या चढाईला, मग कोपऱ्यात उभं राहून गुडघे फोडून घ्यायला कोण तयार होणार? आबासाहेबांना दांडगी पोरं आवडतात. बाजारात गोऱ्हा बघावा तसे दंड बघतात, मांड्या बघतात. माझं तुला माहीतच आहे, मी पोराची नजर बघतो. चढाईवाल्याच्या पायाकडं बघणारा कच्चा. पाय फसवतो, कंबर फसवत नाही. कमरेकडं बघत दम धरून थांबणारं पोरगं मिळालं की बाकीचं शिकवता येतं.

तसं एक मिळालं होतं. तुमच्या वस्तीतल्या दगडाबाईचा नातू, सटवा. तू गाव सोडलंस तेव्हा लहान होता, नामांतराच्या दंगलीत जळालेल्या घराच्या राखेतून आजीबरोबर भांडी वेचायचा. अजून काडीसारखाच आहे, पण उजव्या कोपऱ्यात उभा राहिला की मला तूच दिसतोस. घोटा धरला की सुटका नाही. कुमार गटातलं त्याचं हे शेवटचं वर्ष. संघात आला असता तर राज्य स्पर्धेत कुणी नोकरीसाठी हेरला असता. न्हाईतर टोळीबरोबर ऊसतोडीला जाणं ठरलेलंच होतं.

आपला कोपरा आठवतो का? तू उजव्या टोकाला, मी तुझ्या डाव्या अंगाला. साखळीत तुझा डावा हात माझ्या हातात. झेप घ्यायच्या आधी तू माझी बोटं दाबायचास, की मी कमरेला धावलोच. खेळून घरी गेलो की माय उंबऱ्याबाहेर थांबवून माझ्या हातावर पाणी घालायची. धुळीसाठी नव्हे, हे तुलाही माहीत होतं. दुसऱ्या दिवशी हात धरताना तू विचारायचास, नीट धुतला का रं? आणि आपण दोघं हसायचो. आता मला त्याचं हसू येत नाही.

पाथरीला सटवाच्या कोपऱ्यातून चढाईवाले सारखे निसटायले. तो घोटा धरायचा, पण मदतीला कुणी येईना, आणि त्याला फरफटत ते मध्यरेषा गाठायचे. आबासाहेब पुटपुटले, हे पोरगं साखळी सोडायलंय. टेबलावरून दिसतही तसंच होतं. मला पटेना. उठून मागच्या रेषेपाशी गेलो, तिथून हात दिसतात. लिंबा, सटवाची नजर चढाईवाल्याच्या कमरेवर होती आणि डावा हात शेजाऱ्याकडं लांबवून तो बोटांनी चाचपडत होता. शेजारच्यानं आपला हात पाठीमागं घेतला होता. मी जोडीदार बदलायला लावला. दुसऱ्यानंही तेच केलं. तरी सटवा हात लांबवतच राहिला.

बैठकीत मी सगळं सांगितलं. तिसरे सभासद खिडकीबाहेर बघत बसले. आबासाहेब शांतपणे म्हणाले, मास्तर, पोरांच्या घरच्यांचाही विचार करावा लागतो, नामांतरावरून वातावरण आधीच तापलेलं, त्यात संघात फूट नको. मग शेरा ठरला, की खेळ चांगला, पण साखळीत बसत नाही. मी भांडलो, आवाज चढवला, सही केली नाही. त्यांचं दोन सह्यांवर भागलं.

परतीच्या एसटीत माझ्या शेजारची जागा रिकामी होती, तरी सटवा पाथरीपासून उभाच राहिला. काल मी त्याला मुद्दाम शाळेच्या मैदानावर बोलावलं. माझी पोरं लहान आहेत, त्यांना असलं काही अजून शिवलेलं नाही. शेजारच्यानं आपणहून हात पुढं केला. सटवानं दिला नाही. डावा हात छातीशी घट्ट धरून एकटाच खेळला. नजर तीच, पकड तीच.

म्हणून हे पत्र. रविवारी त्याला सेलूहून गाडीत बसवून देतोय. दगडाबाई रडत का होईना, हो म्हणाली. त्याच्यापुरतं काही काम बघ आणि तुमच्या रेल्वे कॉलनीच्या मंडळात त्याला घे. पकड शिकवू नको, ती येते त्याला. पहिल्या दिवशी तू स्वतः त्याच्या डाव्या अंगाला उभा राहा आणि हात पुढं करून थांब. लगेच देणार नाही. कंटाळू नको, थांब. मीही काल खेळ संपल्यावर तसाच हात पुढं करून थांबलो होतो. त्यानं माझ्या हाताकडं बघितलं, लांबूनच नमस्कार केला आणि घरी गेला.

तुझाच, तुझ्या डाव्या अंगाचा,
मुंजाजी