आईला करवत ऐकू आली

नेरूळ, जानेवारी १९९८

प्रिय क्रांतीताई,

सप्रेम जयभीम. नांदेडला थंडी कडक असेल, आमच्याकडे आत्ता कुठे पंखा बंद झालाय. दाजींना सांग, आईचा उजवा गुडघा बदलला ती जखम छान भरली. जिना एकटी उतरते आणि सोसायटीभर सांगत सुटते, माझ्या सुगतच्या मशीननं हाड कापलं म्हणून.

ते ऐकलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं, ताई. फोनवर तुला नुसतं मस्त झालं म्हणालो. खरं ऐक. कंबरेत इंजेक्शन देऊन आईचे पाय बधिर केले होते, ती जागी होती. ओळखीपोटी डॉक्टरांनी मला आत घेतलं. मी छाती फुगवून तिचा हात धरून उभा. करवत सुरू झाली आणि तिनं माझी बोटं अशी आवळली की बस्स! दुखत नव्हतं गं तिला, पण आपलंच हाड कापतायत हे कानांना कळत होतं ना. आणि मी? हात सोडवून बाहेर पळालो, बाकड्यावर डोकं धरून बसलो.

दोन वर्षं तुर्भ्याच्या कारखान्यात ती करवत मीच घडवली. खाटकाकडून बोकडाची हाडं आणून कापायचो. पातं किती थरथरतं, हाड किती तापतं, मूठ हातात बसते का, सगळं तपासलं. आवाज किती होतो हे डोक्यातच आलं नाही. बोकडाच्या हाडाला कुठे ऐकू येतं? शिकलेला गाढव मी, दुसरं काय!

आता घरात मिक्सर लावला की आई उठून बाल्कनीत जाते. चटणी खलबत्त्यात कुटते. विचारलं तर म्हणते, मिक्सरच्या चटणीला चव नसते.

काल डॉक्टर भेटले. डाव्या गुडघ्याला आईनं साफ नकार दिलाय, आणि सुगतला सांगू नका म्हणालीय. कारण त्यांना कळलं नाही, मला कळलं. मी विचारल्यावर ते पूर्ण भूल द्यायला तयार झाले, म्हणजे तिला काहीच ऐकू येणार नाही. पण हे मी कसं सांगू? पोराच्या मशीनची भीती वाटली, हे ती माझ्यापुढे मरेपर्यंत कबूल करणार नाही. लंगडत राहील, पण माझं मन मोडणार नाही. तुला सांगेल. म्हणून लिहितोय, ये. रविवारी मात्र येऊ नकोस, मी घरी असतो. मधल्या वारी ये. मी नसताना तिला पोटभर रडू दे.

तुझाच,
सुगत