नदी एकदम ओतू नये

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा कवळ्या करणे (आता निवृत्त, तरी गल्लीतले निम्मे दात माझ्याच हातचे), हे मृत्युपत्र माझ्या घराच्या वरच्या खोलीत बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. आमच्या हिचं मत वेगळं आहे, पण तिला दाखला देण्याचा अधिकार नाही. कोणाची जबरदस्ती नाही. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखंही काही नाही.

कलम पहिले. राहते घर आणि बँकेत असेल ते सर्व माझ्यामागे माझ्या पत्नीचे. तिने पस्तीस वर्षे या खोलीतली छोटी रेल्वे सहन केली. झाडांची पानं करायला मी तिच्या मिक्सरमध्ये रंगवलेला स्पंज दळला आणि पुढे आठवडाभर घरात जे दळलं ते हिरवं निघालं, हा तिचा आरोप खरा असून या कलमान्वये तो मी लेखी मान्य करतो. नवा मिक्सर आणून दिला होता, हेही त्याच शाईत नोंदवून ठेवतो.

कलम दुसरे. पत्नीच्या पश्चात घर आमच्या एकुलत्या एका मुलीचे. जावयांसाठी वेगळं काही ठेवलेलं नाही. ते समजूतदार आहेत, आणि आमची मुलगी मिळाली एवढं त्यांना पुष्कळ आहे.

कलम तिसरे. माझे धाकटे मेहुणे एकदा गप्पांच्या भरात माझ्या स्टेशनवर बसले. बसले म्हणजे खरोखर बसले. "मला वाटलं स्टूल आहे," असं वर म्हणाले. फलाटावर अकरा माणसं गाडीची वाट पाहत उभी होती. ते चेपलेलं स्टेशन मी खोक्यात जपून ठेवलं आहे. ते सन्मानपूर्वक त्यांना देण्यात यावे.

कलम चौथे. माझी सर्व हत्यारं, ब्रश, रंग आणि उरलेलं कवळीचं प्लास्टर आमच्या मंडळाला. वकीलबाईंना मंडळ म्हणजे काय हे कळलं नाही, म्हणून लिहितो. आम्ही चौदा जण छोट्या रेल्वेचे शौकीन. प्रत्येकाने आपल्या घरी एका फळीवर रूळ टाकायचे, डोंगर-झाडं-घरं करायची. फळीच्या दोन्ही टोकांना रुळाची उंची सगळ्यांची एकच. महिन्याच्या पहिल्या रविवारी शाळेच्या हॉलमध्ये फळ्या आणायच्या, एकीला दुसरी बोल्टने जोडायची, आणि चौदा घरांतून एकच गाडी सोडायची. दुसरा नियम असा, की ज्याला जी युक्ती सापडेल त्याने ती मंडळाच्या वहीत लिहायची. लपवाछपवी नाही.

त्या वहीत माझी सत्तावीस पानं आहेत. वापरलेला चहा वाळवून जंगलातली माती कशी करायची, जुन्या झाडूच्या काड्यांचं कुंपण कसं होतं, सगळं दिलं आहे. एक युक्ती अर्धीच सांगितली होती, ती आज पुरी करतो. बोगद्यावरचा जो कडा पाहून लोक तोंडात बोट घालतात, तो निवृत्त हेडमास्तरांच्या वरच्या जबड्याचा साचा आहे, उलटा ठेवलेला. हेडमास्तरांनी राग मानू नये. असा कडा दुसऱ्या कुणाच्या तोंडात नव्हता.

कलम पाचवे. हे लिहिताना मला लाज वाटते.

माझी फळी आणि माझे व्याही, घड्याळं दुरुस्त करतात ते, यांची फळी नेहमी शेजारी असायची. मधले बोल्ट आवळायला एका बाजूने माझी मुलगी टेबलाखाली शिरायची, दुसऱ्या बाजूने त्यांचा मुलगा. बोल्ट दोनच होते, वेळ मात्र फार लागायचा. अशी सोयरीक जुळली. दुसऱ्या कुणी जुळवली नाही.

नऊ वर्षांपूर्वी व्याह्यांनी घड्याळांच्या जुन्या चाकांचा पूल केला. तसा पूल मी जन्मात केला नसता. त्याखाली त्यांना नदी हवी होती, आणि नदी मंडळात फक्त मला जमायची. ते नदीचं पाणी करायच्या रेझीनचा डबा घेऊन याच खोलीत आले आणि म्हणाले, "अहो, हे एकदम ओतलं तर चालेल ना?"

मी म्हणालो, "ओता की. काय होतंय?"

रेझीन एकदम ओतलं की तापतं, हे मला ठाऊक होतं. पुलापुढे माझी नदी फिकी पडेल या भीतीने माझी जीभ उचलली नाही. नदी तापली, तडकली, काठ आकसले, पुलाचे प्लास्टिकचे खांब वाकले. भर प्रदर्शनात गाडी पुलावरून खाली गेली. लोक हसले. मीही हसलो.

व्याह्यांनी मला कधी दोष दिला नाही. "माझ्या हाताला पाणी जमत नाही," एवढंच म्हणून फळी घरी नेली, ती पुन्हा आणली नाही. आमच्याकडे येतात, चहा घेतात, नातवंडांचं बोलतात. वरच्या खोलीत येत नाहीत. नऊ वर्षं पहिल्या रविवारी मी माझ्या फळीचं ते टोक मोकळं ठेवतो, आणि गाडी तिथून मागे फिरवतो.

सबब, मंडळाच्या वहीत माझ्या नावे पुढील पान लिहावे: नदी एकदम ओतू नये. नखाच्या जाडीएवढा थर द्यावा, दिवसभर वाळू द्यावा, मग दुसरा. माझ्या नदीला अकरा थर आहेत.

कलम सहावे. माझी फळी, डोंगर, नदी आणि इंजिनासह, व्याह्यांना.

पुरवणी, त्याच दिवशी. साक्षीदार म्हणून मी व्याह्यांनाच बोलावलं. वकीलबाई म्हणाल्या, "साक्षीदाराने आतला मजकूर वाचायची गरज नाही." मी म्हटलं, "यांनी वाचायचाच." ते जिना चढून वर आले आणि डोळ्याला घड्याळाचं भिंग लावून कलम पाचवे वाचू लागले.

वाचून झाल्यावर त्यांनी भिंग काढलं, आपला उजवा हात उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "म्हणजे हाताला काही झालं नव्हतं."

मी म्हणालो, "नाही. माझं चुकलं, व्याही."

"चुकलंच. नऊ वर्षं म्हणजे काय थोडी झाली?" असं म्हणून ते बराच वेळ माझ्या नदीकडे बघत बसले. मग वकीलबाईंना विचारलं, "सही केली, तर ही फळी मला मिळेल का?"

वकीलबाई म्हणाल्या, "नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही."

"मग दुसरा साक्षीदार बघा," व्याही म्हणाले. "आणि हे जातील तेव्हा जातील. उद्या पहिला रविवार आहे. मी माझी फळी काढतो. बोल्ट यांच्याकडे आहेत का विचारा."

बोल्ट माझ्याकडे आहेत.

ठिकाण: वरची खोली. वार शनिवार, सहा नोव्हेंबर.

सही: कवळीवाले.

~~साक्षीदार पहिला: व्याही~~ (सही नाकारली. कारण: वारस.)

साक्षीदार पहिला: शेजारचे औषधवाले.

साक्षीदार दुसरा: निवृत्त हेडमास्तर. (कलम चौथे वाचले. कडा काढू नये.)