घरभरणीचे पिवळे तांदूळ

मेडशी, ता. मालेगाव, जि. वाशीम
२ एप्रिल २०२५, बुधवार

चि. हरीओम यास,

आजीचा आशीर्वाद. आजी म्हणजे रंगूबाई. जानरावची बायको, तुह्या बापाची माय. एवढं खोलून सांगते, कारण तू अकरा वर्षांपासून समुद्राच्या गावी मास्तर हायस. खाऱ्या हवेनं तिकडं लोखंड गंजते म्हणतात, मग माणसाच्या ध्यानाचं काय होत असन! शाळेतले पोट्टे पाढा विसरले की तू त्यायले उभं करतं. आज तू उभा राह्य अन् हे पत्र वाच.

वरती ‘इकडील सर्व क्षेम’ असं लिहिलं होतं, ते मी खोडायले लावलं. क्षेम हाय की नाही ते पत्र संपल्यावर ठरवू.

अक्षर तू ओळखलंच असशीन. होय, तुहा बापच लिहून राह्यला. तो तुह्याशी बोलत नाही, पण मायनं लिही म्हटल्यावर नाही म्हणायची भागवतची हिंमत नाही. तुही माय रुखमा बाजूले बसून शेंगा फोडून राह्यली. लिहून झालं की ती मले वाचून दाखवणार हाय, म्हणजे यानं माह्या बोलण्याले कात्री लावली तर सापडते. आत्ताच भागवत विचारते, “माय, हेही लिहू काय?” म्हटलं, खोकलली तर तेही लिही.

तुह्या नव्या घराचे फोटो तुह्या बायकोनं, वर्षाराणीनं पाठवले. ते मी रुखमाच्या मोबाईलवर बोट सरकवून सरकवून पाह्यले. लाल चिऱ्याच्या भिंती, कौलं, मागं नारळाची पाच झाडं, एक फणस, दगडी विहीर, अन् त्याच्या पलीकडं पाणीच पाणी. म्हटलं, रुखमे, एवढा मोठा तलाव कोणं बांधला वं? ती हसली. तुहा बाप हसला नाही. ज्या म्हातारीनं तुले ते घर विकलं, ती पोराकडं राहाले जाऊन राह्यली म्हणतं. तिच्या अंगणातली तुळस हलवजो नको. घर विकलं म्हणून तिचा जीव लगेच तिथून उठला असन, असं समजू नको.

आता तुही चूक. अक्षय तृतीयेले घरभरणी ठेवली, बरं केलं. पण बोलावणं कसं धाडलं? मोबाईलवर! पत्रिकेचा फोटो अन् खाली हात जोडलेलं चित्र. अरे बापा, आपल्यात घरभरणीले बोलवतात ते हळद लावलेले तांदूळ माणसाच्या हातावर ठेवून, अन् तोंडानं म्हणून, की या. भाऊ भिंतीच्या पलीकडं राहत असला तरी त्याच्या हातावर ठेवा लागतात. तुह्या बापानं तो मोबाईल उलटा केला, झटकला अन् मले म्हणे, “माय, तांदूळ पडले काय पाह्य बरं खाली.”

मी हसली. त्याच्या डोळ्यात पाह्यलं अन् मंग हसू गेलं.

तांदळाचं निमित्त हाय. हे तुले बी माहीत हाय अन् लिहिणाऱ्याले बी. फागुनात तो शेलूबाजारले गेला होता. तिथी गोपीचंद गुरुजी भेटले. तेही तुह्याकडंच नोकरीले होते, त्यायची बदली झाली, आता घरून शाळेत जातात. यानं विचारलं, आमच्या हरीओमचा नंबर कवा लागते? गुरुजी म्हणे, “काका, त्यानं तर दोन वर्षांपासून बदलीचा अर्जच भरला नाही.”

अन् तू दरसाल फोनवर सांगून राह्यला होता, बाबा, औंदा बी नंबर नाही लागला.

त्या दिवशी घरी आला तो जेवला नाही. वरच्या खोलीले कुलूप लावलं. ती खोली त्यानं तुह्यासाठी बांधली, तुले माहीत हाय. फरशीचा रंग वर्षाराणीनं निवडला. पाच वर्षं झाली, सोयाबीन ठेवाले घरात जागा नसली तरी एक पोतं त्यानं तिथी ठेवू देलं नाही.

“माय, हे कायले लिहा लागते?” म्हणते. लिही. त्याले फरशीची आठवण राहू दे.

आता माही पाळी. दिवाळीत तू मले गोठ्याजवळ घेऊन बसला होता. म्हणे, “आजी, मले तिथी करमते. लेक योगिनीची बोलीबी तिकडचीच झाली. बाबाले कसं सांगू?” मी म्हटलं, घर घे. बापाचं मी पाहते. असं म्हटलं अन् पाच महिने काहीच पाह्यलं नाही. परवा मी भागवतले हे सांगून टाकलं. तवापासून तो माह्या ताटात वाढते, पण माह्याकडं पाहत नाही. आता बी कागदाकडंच पाहून राह्यला.

मधात विहिरीचं सांगते, नाहीतर राहून जाईन. माह्या बापानं माही सोयरीक केली तवा या गावची विहीर पाहाले आला होता. आमच्याकडं पोरगी द्यायच्या आधी नवऱ्याचं शेत मंग पाहतात, विहीर आधी. पण माहा बाप आला श्रावणात! विहीर काठोकाठ. खुशीत गूळ खाऊन गेला. वैशाखात त्या विहिरीनं तळ दाखवला अन् मी वीस वर्षं नदीतून पाणी वाह्यलं. म्हणून विचारते, तू ते घर कवा पाह्यलं? दिवाळीच्या तोंडावर. पाणी गोड लागलं असनच. दिवाळीत सगळंच गोड लागते.

बरं. आता जे सांगायचं हाय ते सांगते. भागवत, हात थांबवू नको.

हरीओम, तुहा बाप वीस वर्षांचा होता तवा त्याले पुण्याच्या एका कारखान्यातून बोलावणं आलं होतं. तुहा आजा जानराव आदल्या सालीच गेला होता. घरात मी अन् हा, दोघंच. यानं पेटी भरली. सकाळची एसटी होती. मी याच्यासाठी दशम्या केल्या, पेटीत ठेवल्या. मंग चुलीजवळ बसून एक कांदा सोलला अन् काखेत धरून पडून राह्यली. काखेत कांदा धरला की आंग तापते, लहानपणी शेजारणीनं शिकवलं होतं. यानं माह्या कपाळाले हात लावला. आंग चुलीसारखं. मी कण्हून राह्यली होती. बाहेर एसटीचा भोंगा वाजला, दोनदा वाजला, अन् गाडी निघून गेली.

मले काही झालं नव्हतं. मले एकटीले भ्या वाटत होतं, बस. तो पुण्याले गेला नाही, मंग कधीच गेला नाही. पेटीतल्या दशम्या आमी दोघांनी चार दिवस खाल्ल्या. चाळीस वर्षं झाली, मी हे कोणाले सांगितलं नाही. म्हणून तुले घर घे म्हटलं. एका पोराले कांद्यानं थांबवलं, नातवाले नाही थांबवत.

इथी पेन थांबला होता. रुखमाच्या शेंगाही थांबल्या. मी म्हटलं, लिही बापा, शिव्या द्यायच्या असतील तर त्याही लिही.

तर तुहा बाप म्हणे, “मले माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“कांद्याचा वास येऊन राह्यला होता, माय. सगळ्या घरात.”

मी म्हटलं, मंग गेला काहून नाही?

म्हणे, “जिले एवढं भ्या वाटते तिले सोडून कसा जाऊ?”

हे त्याच्याच हातानं लिहून घेतलं हाय. नाही लिहीत म्हणे, मी सोडलं नाही. पाह्य हरीओम, चाळीस वर्षं मी समजत होती की मी त्याले अडकवून ठेवलं. तो तर आपल्या पायानं थांबला होता. मी म्हटलं, भागवत, तू तुह्या मनानं थांबला. मंग त्या पोराले बी त्याच्या मनानं राहू दे की! तो डोळे पुसाले दुपट्टा शोधून राह्यला होता, अन् दुपट्टा त्याच्याच खांद्यावर.

मंग मी रुखमाले उठवलं. म्हटलं, तांदूळ आन, हळद आन. हातानं चोळले. भागवत डावा हात पुढं करून राह्यला होता. म्हटलं, डाव्या हातावर अक्षदा घेतात काय? पेन ठेव. त्यानं पेन ठेवला. मी तुह्या वतीनं उजव्या हातावर तांदूळ ठेवले अन् म्हटलं, भागवत जानराव, हरीओमच्या घरची घरभरणी हाय, जोडीनं या.

त्यानं मूठ मिटली. कागदावर जिथी पिवळं बोट उमटलं असन, ते त्याचं हाय.

आता खालच्या ओळी त्याच्या. मले वाचता येत नाही, म्हणून निवांत लिहून घे म्हटलं.

हरीओम, अर्जाचं खोटं बोलला ते बरं केलं नाही. वैशाखात विहिरीचं पाणी खारं होते काय, हे शेजाऱ्यायले विचारलं काय? नसशीन विचारलं. मी आल्यावर पाहतो. — भागवत

काय लिहिलं विचारलं तर म्हणते, विहिरीचं. रुखमानं डोकावून पाह्यलं अन् तोंडाले पदर लावला, म्हणजे चांगलंच असन. वरच्या खोलीची किल्ली खुंटीवर आली हाय. तिथी एक पोतं ठेवू देईन म्हणते, एकच. मे महिन्याच्या सुट्टीत तुमी याल तवा ते काढून घेऊ.

माहे गुडघे दोन दिवसांच्या गाडीचे नाहीत. मी नाही येत. तू बापाले आठ दिवस ठेवून घेजो. तो दुसऱ्याच दिवशी ‘माय एकटी हाय’ म्हणून पिशवी उचलीन, त्याले उचलू देजो नको. शेजारची पोरगी झोपाले येणार हाय. अन् मले ताप येणार नाही.

आता वरती खोडलं ते परत लिहायले लावते. इकडील सर्व क्षेम.

तुही आजी
रंगूबाई जानराव
(आंगठा)

ता. क. आंगठा लावल्यावर आठवलं, तू एकटाच विसरभोळा नाहीस. घरभरणीले नव्या चुलीवर तिथल्याच गाईचं दूध उतू जाऊ देजो, पूर्वेकडून. उतू गेल्यावर जे मागं राहीन त्याचा खवा आटव अन् बापाजवळ देजो. चांगला कोरडा आटव, दोन दिवसांचा रस्ता हाय. साखर घालू नको. तुह्या विहिरीच्या पाण्यावरचं गवत खाल्लेल्या गाईचं दूध कसं लागते, ते मले पाहू दे.