घंगाळातला बाळकृष्ण

शेलूबाजार, जानेवारी १९४३

प्रिय तारामती,

तुझी चिठ्ठी आणि पेढ्यांची पुडी पोचली. पुडी अजून सोडलेली नाही. का, ते शेवटी सांगते. आधी भांडू दे. कारंज्याहून इथवर दोन ओळी यायला आमच्या घरचे देव पाण्यातून निघावे लागले होय? एरवी बाईसाहेबांना सवड नाही.

हे ब्रह्मदेशाच्या लढाईवर गेले आणि उन्हाळ्यापासून यांचं पत्र बंद झालं, ते तुला ठाऊकच आहे. दिवाळीला सासूबाईंनी देव्हारा रिकामा केला आणि सगळे देव तांब्याच्या घंगाळात बुडवून ठेवले. यांची खुशाली आली की बाहेर, तोवर नाही. रोज पाणी बदलायचं काम माझ्याकडे. खोटं कशाला सांगू, सुरुवातीला मलाही बरं वाटलं. आपण काहीतरी करतोय असं वाटायचं. पाणी ओतताना मी बाळकृष्णाला दटावायचेसुद्धा.

मग थंडी पडली. सकाळी रांजणात हात घातला की बोटं वाकेनात. एकदा न राहवून मी चुलीवरचं थोडं ऊन पाणी घंगाळात मिसळलं. सासूबाईंनी बोट बुडवून पाहिलं आणि म्हणाल्या, "देवाले कोमट पाण्यात ठेवलं तं तो कायले घाई करीन?"

मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. त्या काही चुकीचं बोलल्या नव्हत्या. चौकीत नेलेल्या माणसाला कबूल होईपर्यंत बसवून ठेवतात, तसंच आम्ही त्याला ठेवलं होतं. माझ्या आईने लग्नात माझ्या हाती दिलेला तो बाळकृष्ण, गुडघ्यावर रांगणारा, आता हिरवट पडलेला.

तेव्हा तुझी आठवण झाली. आपण परकरात असताना मी तुझ्यामागे तुमच्या जैन मंदिराच्या पायरीपर्यंत यायचे. आमचे भगवान कोणाले काही देत नाहीत, असं तू ठसक्यात सांगायचीस. मग रोज कायले जातं, असं मी विचारलं, तर तू म्हणालीस, "नुसतं पाह्याले." मला तू तेव्हा अगदी वेडी वाटली होतीस.

त्याच सकाळी मी देव काढले, पदराने पुसले आणि अंगणात कोवळ्या उन्हात मांडले. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "माह्या पोराचं काही झालं तं तुह्यावर राहीन." तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचा राग मला समजतो. मलाही भीती वाटते, तारा. दिवा लावताना मागणं ओठावर येतं, आणि का येऊ नये, माझंच माणूस आहे ते. पण त्यासाठी देवाला पुन्हा कोंडणं माझ्याने होणार नाही. तो नुसता देव्हाऱ्यात बसलेला असला तरी मला आवडतो.

शेजारच्या सोजरबाईने ते उन्हातले देव पाहिले आणि कारंज्याला येऊन तुला सांगितलं. देव निघाले म्हणजे खुशाली आली, असं तिने धरलं. कोणीही धरलं असतं. पण पत्र आलेलं नाही, तारा. कसलीच खबर नाही. तुझ्या पेढ्यांना हे उत्तर कसं लिहावं, यातच इतके दिवस गेले. आता पुडी सोडते आणि बाळकृष्णापुढे ठेवते, काही न मागता. खुशाली आलेल्या घरी येऊन जाते म्हणून लिहिलंस, ती आलेली नसली तरीही ये. काही आणू नकोस. नुसती मले पाह्याले ये.

तुझीच,
चतुरा