एकच फाईल वगळली

६ नोव्हेंबर २००६, सोमवार

आजपासून रोजनिशी. शिस्त नसेल तर हुशारीचा काय उपयोग? आमच्या जैन वधू-वर सूचक केंद्राचा कॉम्प्युटर विभाग माझ्याकडे आहे. विभागात एक कॉम्प्युटर, टायपिंगला चंदना आणि देखरेखीला मी. केंद्र आप्पासोकाकांचं, म्हणजे माझ्या चुलत्यांचं. आज त्यांना बॅकअपचं महत्त्व पटवलं. म्हटलं, साऱ्या समाजाची स्थळं या एका डब्यात आहेत, डबा गेला तर? काका म्हणाले, कुठं जातोय मर्दा डबा? पण शेवटी दुसरी हार्ड डिस्क आणून दिली.

संकल्प: रोज बॅकअप. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालणे. पहाटे रंकाळ्याला चालायला जाणे.

७ नोव्हेंबर

रंकाळा उद्यापासून. थंडी आहे.

बॅकअपचं सॉफ्टवेअर बसवलं. पहिल्याच फटक्यात चाललं. शेवटी रिपोर्ट आला: बाकी सगळं कॉपी, एक फाईल वगळली. हजारोंत एक! काकांना सांगितलं, ते म्हणाले, ब्येस. कुठली वगळली ते त्यांनी विचारलं नाही. स्थळांची मुख्य फाईल होती. ती दिवसभर उघडी असते, आणि उघडी फाईल कॉपी होत नाही म्हणे.

८ नोव्हेंबर

काकांना सुचवलं की संध्याकाळी पाच मिनिटं फाईल बंद करू. काका खुर्चीतून उठलेच. म्हणाले, सीझन सुरू झालाय आन तू स्थळांची वही मिटायला सांगायलाईस व्हय? माझ्या बानं दिवाळीपास्नं अक्षय तृतीयेपतूर वही कधी मिटली न्हाय. मिटली की दारात आलेलं स्थळ माघारी जातंय.

म्हटलं, काका, ही वही नाही, फाईल आहे. म्हणाले, त्येच की.

चंदना हसली. माझ्या बाजूने हसली असावी.

९ नोव्हेंबर, संध्याकाळ

उपाय सापडला. स्नॅपशॉट! उघड्या फाईलचा त्या क्षणाचा फोटो काढायचा आणि कॉपी त्या फोटोची करायची. फाईल उघडी ती उघडीच. वऱ्हाडातले सगळे इकडेतिकडे करत असताना फोटोग्राफर ग्रुप फोटो उरकतो, तसंच. कोल्हापुरात हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही.

सेटिंग बारकाईने केलं. फोटो ठेवायला जागा कुठे? डी ड्राईव्ह. फाईलीत लिहिणं थांबून शांतता मिळेपर्यंत किती सेकंद वाट पाहायची? तिथे पाच होते, मी साठ टाकले. वाट पाहण्याचा मला अनुभव आहे. वेळ सूर्यास्ताची ठेवली. काका दिवस असतानाच जेवायला घरी जातात, तेव्हा केंद्रात सामसूम असते.

११ नोव्हेंबर

स्नॅपशॉट निघाला नाही. डी ड्राईव्हवर जागा अपुरी आहे, असा मेसेज. जागा गेल्या वर्षीच्या वधू-वर मेळाव्याच्या व्हिडिओने खाल्ली आहे. स्टेजवर माझा परिचय झाला तो व्हिडिओ. कॅमेरा चंदनाकडे होता आणि पूर्ण वेळ माझ्यावर रोखलेला होता. (काका म्हणतात, स्टँडवर होता.) पुसण्याचा प्रश्नच येत नाही. बाकी काय पुसता येईल ते सवडीने बघू.

१४ नोव्हेंबर

तो मेसेज रोज येतो, तोही चंदनासमोर. आज ती म्हणाली, सर, तुमचं ते लाल काहीतरी आलंय बघा परत. बरं दिसत नाही. सेटिंगमध्ये शोधलं. स्नॅपशॉट न जमल्यास काय करायचं? एक, थांबून कळवा. दोन, न कळवता ती फाईल सोडून पुढे जा. दुसऱ्यावर टिक केली. मेसेज बंद. प्रश्न सुटला.

२२ नोव्हेंबर

बॅटरीचं पाणी आणायला गेलो होतो, दुकान बंद. रंकाळा सोमवारपासून.

रिपोर्ट: वगळलेल्या फाईली, एक. सातत्य आहे.

चंदनाने माझी जन्मतारीख विचारली. या वर्षात तिसऱ्यांदा. फाईलमध्ये वय वाढवायचं होतं म्हणाली. निमित्त! मी जवळून गेलो की स्क्रीनवर बहुतेक माझंच पान असतं. वयाप्रमाणे यादी लावली की मी शेवटी येतो, हे तिचं स्पष्टीकरण. मी मान डोलावली.

घरी आक्काने (आईला आम्ही आक्काच म्हणतो) विचारलं, काय रं अभिनंदन, कुटं जमतंय का? म्हटलं, प्रोसेस चालू आहे.

४ डिसेंबर

काका बाहुबलीला दर्शनाला गेलेत. संधी साधून जुन्या वह्या आणि भरलेले फॉर्म रद्दीत दिले. बॅकअप असताना कागद कशाला? कपाट मोकळं झालं. चंदना म्हणाली, सर, फोनवर आलेले बदल बी निस्ते फाईलीतच हाईत हां. म्हटलं, म्हणून तर स्नॅपशॉट. तिने बरं म्हटलं आणि सेव्ह केलं. ती दिवसातून फार वेळा सेव्ह करते. नवशिकी माणसं घाबरट असतात.

दिवसभर फोन असतात. कुणाची बदली पुण्याला झाली, कुणी मंगळ काढायला सांगतं, कुणाची उंची वाढते. एक मात्र आहे. लग्न ठरलं तरी साखरपुडा होईपर्यंत नाव कुणी काढू देत नाही. राहू दे म्हणतात, मोडलं तर? ही माणसं मुळातच बॅकअपवाली.

१८ डिसेंबर, सोमवार

चंदना दोन दिवस कुरुंदवाडला, आईवडिलांकडे जाऊन आली. घरी कार्यक्रम होता म्हणे. येताना वाडीचे पेढे आणले. मला दोन दिले.

दुपारी फाईल चाळली तर मुलींच्या यादीत तिचं नाव नाही. तिने स्वतःच काढलंय. आता दुसरं स्थळ बघायचं नाही असं तिने ठरवलं असणार. समजूतदार आहे. मलाही आता ठरवावं लागेल. मेळावा झाला की बोलतो.

बॅकअप ओके. वगळली, एक.

२ जानेवारी २००७

नवीन वर्षाचे संकल्प: पहिलेच तीन.

चंदना आठवडाभर रजेवर. इचलकरंजीत साड्यांची खरेदी आहे. फारच घाई करते आहे, अजून मी आक्काशीही बोललेलो नाही.

५ जानेवारी, शुक्रवार

सकाळी लोडशेडिंग. इन्व्हर्टर एकदा कण्हला आणि गेला. बॅटरी कोरडी होती. वीज आली, परत गेली, परत आली. नंतर कॉम्प्युटरमधून टकटक असा आवाज. रिपेरीवाला कान लावून म्हणाला, गेली बघा डिस्क.

काका घामाघूम. मी त्यांना पाणी दिलं. माझा बॅकअप आहे, म्हटलं.

संध्याकाळी नवी डिस्क बसवून बॅकअपमधून सगळं परत आणलं. लेटरहेड आलं, पावत्या आल्या, गाणी आली, मेळाव्याचा व्हिडिओ आला, तोही एकदम क्लिअर. स्थळांची फाईल आली नाही.

रिपोर्ट काढून बघितला. वगळली, एक. वगळली, एक. खालपर्यंत तेच. मीच रोज वाचत होतो. रिपोर्ट बंद केला. घरी येऊन जेवलो.

६ जानेवारी

खणात सीडी सापडली. तिच्यावर माझ्याच अक्षरात: फुल बॅकअप, २००३. मशीन घेतलं तेव्हाची. त्यात पूर्ण फाईल आहे! माझी दूरदृष्टी.

मेळाव्यात वाटायची स्थळांची पुस्तिका सोमवारी छपाईला जायलाच हवी, मेळावा अठ्ठावीसला. गावोगावची पावणेमंडळी पुस्तिका हातात घेऊन स्थळं बघतात. तीच नसेल तर मेळावा कसला? काका म्हणाले, तीन वर्साखालची नावं छापायची व्हय रं? चंदनीला फोन लाव, तिला समदं तोंडपाठ हाय. म्हटलं, खरेदीत कशाला त्रास? तीन वर्षांत माणसं अशी किती बदलतात? जास्तीत जास्त वय वाढेल. तळाला छापू, वय अंदाजे. काका कपाळाला हात लावून बसले. मग म्हणाले, छाप.

९ जानेवारी

चंदना आली. फाईल गेल्याचं सांगितलं. तिने रिकामी स्क्रीन बघितली. मग विचारलं, आन पुस्तिका? म्हटलं, छापायला गेली. मी सांभाळलं सगळं.

२८ जानेवारी, रविवार, रात्री

मेळावा झाला.

सकाळी गर्दी चांगली होती. पुस्तिका वाटल्या. अर्ध्या तासात एक जण बायको आणि लेकराला घेऊन स्टेजपाशी आला. पुस्तिकेत तो अविवाहित. बायको विचारत होती, ह्ये कवा दिलं नाव? मग अशा आणखी जोड्या आल्या. एका म्हाताऱ्याने रडत सांगितलं, माझी ही लेक वारलीय की हो, गेल्या वर्सी. मी सॉरी म्हणालो.

मग शिरोळचे एक पाहुणे आले. पांढरी टोपी, पुस्तिकेत बोट घालून आलेले. पान उघडून काकांच्या पुढ्यात आदळलं. चंदनाचं पान. म्हणाले, ही आमची सून हाय. डिसेंबरात साखरपुडा केलाय. आन हितं अजून स्थळं बघायलाय व्हय तुमी? आमाला काय दुसऱ्या नंबरला ठेवलंय का? मोडतो म्हणालो तर काय करशीला?

चंदना बाजूलाच उभी होती. पदर तोंडात धरून रडत होती. तिला असं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

डिसेंबर. पेढे. मी खाल्ले होते ते.

मी त्यांना स्नॅपशॉट समजावायला गेलो. म्हटलं, उघड्या फाईलचा फोटो असतो. ते म्हणाले, कुणाचा फोटो? काकांनी मला मागे ओढलं. मग काय सुचलं कुणास ठाऊक, माझा दंड धरून त्यांनी मला स्टेजवर नेलं. माईक घेतला. माझं पान काढलं.

म्हणाले, पावणं, फाईल जुनी हाय, पोरीची चूक न्हाय. पुरावा दावतो. ह्यो माझा पुतण्या. हितं छापलंय वय पस्तीस. आता ह्येच्याकडं बघा. ह्यो पस्तीसचा दिसतोय काय? आन ह्यो फोटो बघा. केस हुतं तवा.

सगळ्या हॉलने बघितलं. शिरोळचे पाहुणे पायऱ्या चढून वर आले. फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो बघितला. मग हसले. म्हणाले, व्हय की, लई जुनी हाय. चंदनाकडे वळून म्हणाले, रडू नको पोरी, न्हाय मोडत.

टाळ्या वाजल्या. कॅमेरा चालू होता. स्टँडवर होता.

५ फेब्रुवारी

चंदना पुस्तिका पुढे ठेवून घराघरांत फोन करते आहे. लाल पेनने खोडते, लिहिते, मग नव्या फाईलीत भरते. मी बॅटरीत पाणी घातलं.

आक्काने काही विचारलं नाही.

२३ एप्रिल, सोमवार

अक्षय तृतीया झाली. चंदनाचा शेवटचा दिवस. लग्न पुढच्या महिन्यात. पत्रिका दिली, श्री. अभिनंदन व परिवार असं लिहून.

पुस्तिका टेबलावर होती. ती जेवायला गेल्यावर चाळली. प्रत्येक पान लाल. लग्न झालं, लग्न झालं, अमेरिका, लग्न झालं, वारली, दोन मुलं. मुलांच्या यादीत शेवटच्या पानावर मी. खाडाखोड काही नाही. कडेला लाल पेनने बरोबरची खूण केली होती. साऱ्या पुस्तिकेत तेवढीच एक.

आल्यावर तिने विचारलं, सर, वय तेवढं वाढवू का? म्हटलं, वाढव. तिने वाढवलं.

जाताना तिने काकांना विचारून फाईल बंद केली. काका म्हणाले, मिट आता, सीझन झाला. ती काकांच्या पाया पडली, मला येते म्हणाली आणि गेली.

सूर्यास्ताला बॅकअप आपोआप सुरू झाला. रिपोर्ट आला. वगळलेल्या फाईली, शून्य.

माझी नोंद आता दोन ठिकाणी सुरक्षित आहे.